ड्राय

गंगापूर धरणाच्या अलीकडे, टेस्टिंग रूममध्ये
मी दिवसातून अकरा-बारा वेळा म्हणते,
"ही ड्राय आहे, सर."
म्हणते आणि ओतते.
ओतताना आवाज पाण्याचाच येतो.

पहिल्या आठवड्यात कुरियन सरांनी शिकवलं,
यीस्टनं सगळी साखर खाल्ली की उरते ती ड्राय.
मी वहीत लिहिलं: ड्राय म्हणजे कोरडी.
मग खोडलं. टेबलावर ग्लासचा ओला गोल उमटला होता.
ड्राय म्हणजे फिकी? तुरट?
ड्राय म्हणजे जिचा गोडवा
आपल्या आधी कुणीतरी खाऊन गेलंय, ती.
हे राहू दिलं.

नंतर शब्द दिसायलाच लागला जिथे तिथे,
नवी चप्पल घेतली की सगळ्यांचे पाय दिसतात तसा.
कॉलेज रोडला वेटर: मंचुरियन ड्राय की ग्रेव्ही?
डोळ्यांचे डॉक्टर, टॉर्च मारत: ड्राय झालेत, मोबाइल कमी करा.
मी म्हटलं, अहो, रडते की मी.
म्हणाले, ते पाणी वेगळं.

पर्वणीआधी रामकुंडावर पोलिसांनी ड्राय रन घेतली.
गुडघाभर पाण्यात उभं राहून.
दोरखंड, शिट्ट्या, हरवलेल्या खोट्या म्हातारीची खरी घोषणा.
सगळे गर्दी असल्यासारखे वागले,
नदी तेवढी नेहमीसारखी.

सिन्नरहून गोरखचा फोन: गाय ड्राय केलीय, दोन महिने तूप मागू नको.
मागच्या वर्षीपर्यंत हाच गाय आटवायचा.
गायीला फरक पडलेला नाही.

एवढ्या मोठ्या भाषेला एकच पंचा,
घरातल्या सगळ्यांनी त्यालाच अंग पुसायचं.
आपल्याकडे बोंबील सुका, चारा वाळका,
बोअर आटलेली, विहीर ठणठणीत,
मामलेदार कचेरीतला माणूस रुक्ष,
आणि घशाला मात्र नुसती कोरड,
तिला कुणाचं विशेषण व्हायची गरज नाही.

आता अण्णांचं.
दर मंगळवारी नाशिकरोडला, शाळेच्या मागच्या खोलीत,
गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या.
"मी दत्तू. एकोणीस महिने ड्राय."
टाळ्या.
अण्णांना इंग्रजीचे पाच-सहा शब्द येतात,
त्यातला हा एकच ते मान वर करून बोलतात.

माझ्या कामाचं त्यांनी कधी विचारलं नाही.
मी युनिफॉर्म स्कूटीच्या डिकीत ठेवते,
हात लिंबानं धुऊन जिना चढते.

दोन ऑक्टोबरला ड्राय डे, आमची खोली बंद.
सातपूरच्या घरात दुपारी तिघंही ताटावर.
अण्णा ताटाकडे बघत म्हणाले,
"तुमच्यात बी ड्राय असती म्हणं."
"असते."
"म्हंजी ती चालती?"
"नाही, अण्णा. नाव तेवढं ड्राय. ओलीच ती."

पंखा दोनदा फिरला असेल.

"त्यात काय नवल," आई म्हणाली,
"एवढं पातळ कालवण, त्याला माझी आई कोरड्यासच म्हणायची."
आणि पळीभर वाढलं, भाकरी बुडेल असं.

अण्णा हसले की ठसका लागला, कळलं नाही.
मी तांब्या सरकवला.
पाणी पिऊन, बऱ्याच वेळानं:
"साखर कोण खातं म्हणालीस?"
मी त्यांना कधीच म्हणाले नव्हते.
वही उघडी राहिली असणार.
"यीस्ट."
"आन् मग त्याचं काय होतं?"
"मरतं. तळाला बसतं."

"हं," म्हणाले,
आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं
वाटी पुसून घेतली.